सुगी झाल्यावर या

आमचे भावजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता हे गप बसतील. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची बायको गेली, माझा नवरा त्याच्या आधीच गेलेला. माझी लेक उदगीरला दिलेली, त्यांचा मुलगा बंगळूरला. कोहिनूर गावचं शेत बटईनं लावलेलं. भालकीच्या घरात आम्ही दोघं म्हातारी माणसं उरलो. बोलायला तिसरं कुणी नाही, म्हणून दिवसभर एकमेकांशी भांडतो.

निवृत्त माणूस पोथी वाचतो, नाहीतर बाजारात जाऊन भाजीवाल्यांचं डोकं खातो. यांनी ज्वारीच्या पोत्यांची खोली रिकामी केली, तिथं एक काळी पेटी आणून ठेवली, तिला बॅटरी जोडली, टेबलफॅन लावला आणि जाहीर केलं की आता भालकीचं टपाल भालकीतूनच जाणार-येणार.

"म्हंजे घरात पोस्ट काढायलाव काय?" मी विचारलं.

"मेल सर्व्हर हाय वहिनी ह्यो. लोकांचे मेल मोठ्या कंपनीच्या घरी राहतेत. आपले आपल्या घरी राहतील."

"आणि पोती कुठं राहतील?"

पोती माझ्या पलंगाखाली राहिली.

काम तसं सोपं, म्हणजे त्यांच्या तोंडून ऐकलं तर. बाजारातली काही दुकानं, एक डाळमिल, एक शिकवणी आणि आमची गल्ली, एवढ्यांचे पत्ते या पेटीत. बाहेरून कुणाचा मेल आला की तो आधी पेटीच्या दाराशी येतो. पेटी बघते कोण आहे, मग आत घेते किंवा हाकलते. आणि जे झालं ते एका ओळीत लिहून ठेवते. कोण आलं, कुठून आलं, किती वाजता, काय सांगून परत लावलं. या लिहिण्याला लॉग म्हणतात. भावजींचा सगळा जीव त्या लॉगात. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून हे लॉग वाचायला बसायचे. घरी काल कोण येऊन गेलं आणि त्याला चहा दिला का नाही, हे त्यांना आठवत नाही. पण मागच्या महिन्यात कुठल्या देशातला कोणता मेल दारातून हाकलला, ते तोंडपाठ.

"एवढं लिवून ठिवून करणार काय?" मी एकदा विचारलं.

"उद्या कुणी म्हणालं माझा मेल पोचला न्हाई, तर दाखवता येतंय. आमच्या खात्यात लोक उगंच वरडायचे, फोन लागत न्हाई म्हणून. लिवलेलं असलं की माणूस गप बसतंय."

"माणूस गप बसत न्हाई भावजी. माणूस म्हणतंय, तुमचं लिवलेलंच खोटं हाय."

यावर ते रुसले. दुपारचा चहा घेतला नाही. संध्याकाळी स्वतः करून घेतला, मलाही दिला, साखर घालायची विसरले.

कुणाला हाकलायचं तेही त्यांनीच ठरवायचं. मेलात फुकट पैसे देतो असं लिहिलं असलं की दोन मार्क. सगळी अक्षरं मोठी असली की एक. नाव एकाचं आणि पत्ता भलत्याचा असला की तीन. पाच मार्क भरले की मेल कचऱ्याच्या टोपलीत. शाळेत मार्क मिळवून पोरं पुढं जातात, इथं मार्क मिळवून बाहेर जातात. मी चौथीपर्यंत शिकले. चौथीत मला जेवढे मार्क पडायचे, तेवढ्यावर मला कुठल्याच टोपलीत टाकलं नसतं.

पाचाचे तीन करायचे की सात, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. डाळमिलवाल्यानं सांगितलं, तीन करा, मला तुरीच्या भावाशिवाय काही नको. कापडवाल्यानं सांगितलं, काहीच अडवू नका, गिऱ्हाईक कुठल्या रूपानं येईल सांगता येत नाही. मग तो दुपारभर गादीवर बसून टक्कल जाण्याच्या औषधाच्या जाहिराती वाचायचा आणि मध्येच फोन करायचा, "काका, हे खरं असंल का हो?" भावजी त्याला गंभीरपणे समजावायचे. मी पलीकडून म्हणायची, "घेऊन बग म्हणावं. असलेले जातील, मग कळंल."

मला सगळ्यात पटली ती दाराशीच थांबवायची युक्ती. अनोळखी कुणी पहिल्यांदा मेल घेऊन आला की पेटी त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आता जमत नाही, थोड्या वेळानं या, असं सांगते. ज्याचं खरं काम असतं तो परत येतो. कचरा वाटत फिरणाऱ्याला हजार दारं, तो एका दारासाठी परत येत नाही.

भावजी हे सगळं हातवारे करून, फार मोठा शोध लागल्यासारखं मला सांगत होते. मी म्हटलं, "ह्यात नवीन काय हाय? ठाणाकुशनूरला माझा बाप हेच करायचा."

आमच्याकडे पोरीला मागणं घालायला कुणी आलं तर पहिल्या खेपेला हो म्हणायची रीत नव्हती. तोंडावर नाही म्हणायचीही नव्हती. गूळपाणी द्यायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि उठताना सांगायचं, "आता कामाची घाई हाय, सुगी झाल्यावर या." ज्याला पोरगी खरंच हवी तो सुगी झाल्यावर येतो. गावोगाव नुसता जेवत फिरणारा परत फिरकत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या युक्तीला सुगी म्हणू लागलो. इंग्रजीत तिला कसलं तरी करड्या रंगाचं नाव आहे. ते मी विसरले.

आमच्या समोर किराणा दुकानवाल्याचं घर आहे. ती माणसं घरात कन्नड बोलतात आणि ओट्यावर आली की मराठी. त्यांची थोरली पोरगी मला अज्जी म्हणते, भावजींना अज्जा. ती बिदरला राहून नर्सिंग शिकली, परत येऊन इथल्याच एका दवाखान्यात दिवसपाळीला जात होती. तिनं पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात अर्ज केला. अर्ज भरायला आमच्याकडं आली होती. तिच्याकडं मोठ्या कंपनीचा फुकटातला पत्ता होता, तोच ती घालणार होती. भावजी म्हणाले, "आपल्या पेटीतला पत्ता घाल. जरा वजन पडतंय."

भालकीच्या पत्त्याचं पुण्याच्या दवाखान्यावर काय वजन पडणार होतं, ते त्यांनाच माहीत. पोरीनं म्हाताऱ्याचं मन राखलं.

दवाखान्याच्या लोकांनी फोनवर तिची मुलाखत घेतली आणि निवड झाल्याचं सांगितलं. नेमणुकीचं पत्र या आठवड्यात मेलनं येईल, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या मेललाच उलट उत्तर द्यायचं की मी येते, नाहीतर जागा पुढच्या पोरीला जाईल. असा सगळा हिशेब होता. पोरगी त्या दिवशी गल्लीत चालत नव्हती, उडत होती.

तिच्या आईला हे अजिबात नको होतं. पुणं म्हणजे तिला लांब, आणि पोरगी लग्नाची. ती माझ्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "अक्का, तुमच्या त्या पेटीला सांगा की, पुण्याचा मेल आला तर धरून ठिव म्हणून. सगळ्या जगाचं अडवायलीय, माझं एवढं अडवत न्हाई का?"

"मार्क किती द्यायचे?"

"शंभर द्या."

दोघी हसलो. समोरच्या दारात पोरगी उभी राहून ऐकत होती, हे आम्हाला दिसलं नाही.

त्याच आठवड्यात भावजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दुसरा डोळा आधीपासून नावापुरता. डॉक्टरनं सांगितलं, काही दिवस वाकायचं नाही, काँप्युटरसमोर बसायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. घर सोडून जाताना माणूस दाराला आणखी एक कडी लावतो, तसं यांनी बिदरला जायच्या आदल्या दिवशी पेटीची सुगी वाढवून ठेवली. आधी अनोळखी मेलला पाच मिनिटांनी बोलवायची, आता तासानं. "मी पडून असताना कचरा नको," म्हणाले. परत आले ते मोठा काळा चष्मा घालून. पलंगावर पडले की चोरबाजारातला मुकादम दिसायचे. मी तसं म्हटलंही. त्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मान्य केलं.

बुधवारी दुपारी समोरची पोरगी आली. तोंड उतरलेलं.

"अज्जा, माझा मेल आला न्हाई. उदगीरच्या माझ्या मैत्रिणीला सोमवारीच आलाय. तिचं आणि माझं एकाच दिवशी झालतं."

"टोपलीत बघितलीस का?"

"बघितली. तिथं बी न्हाई. दवाखान्यात फोन केला. त्या बाई म्हणायल्यात, आमच्याकडनं जायलाय, तुमच्याकडं पोचंना. दुसऱ्या पत्त्यावर पाठवा म्हणलं तर फॉर्मवरचा पत्ता बदलता येत न्हाई म्हणायल्यात."

भावजी म्हणाले, "असं हुतच न्हाई. एक तर आत येतंय, न्हाईतर टोपलीत जातंय."

पोरगी माझ्याकडं बघत होती. मग बोलली.

"आईनं तुम्हाला सांगितलं व्हतं ना अज्जी, धरून ठिवा म्हणून? मी ऐकलंय. शंभर मार्क द्या म्हणली ती."

"अगं, ती थट्टा व्हती. आणि मला त्या पेटीचं बटन कुठलं ते बी म्हाईत न्हाई."

"अज्जाला म्हाईत हाय की."

भावजी चष्म्यासकट उठून बसले. "माझ्या पेटीनं अडवलं असंल तर लॉगात लिवलेलं असंल. कुणी सांगून अडवलं असंल तर ते बी दिसंल."

"तुमचा लॉग, तुम्हीच लिवणार," पोरगी म्हणाली आणि चप्पल पायात न घालता, हातात घेऊन गेली.

मला राग आला. मी आयुष्यात पुष्कळ जणींना तोंडावर वाईट बोलले आहे, पण पाठीमागून कुणाच्या पोरीचं नुकसान केलेलं नाही. भावजींना राग आला नव्हता, ते घाबरले होते. पत्ता घालायचा आग्रह त्यांचाच होता.

"बंगळूरला पोराला फोन करा," मी म्हटलं. "त्याला कळतंय ह्यातलं."

"तो म्हणंल, बंद करा आणि झोपा."

"मग समोरच्या पोरीलाच बसवा. शिकलेली हाय. वाचंल लॉग."

"न्हाई. डाळमिलवाल्याला कोण मेल पाठवायलंय, शिकवणीच्या मास्तरला कोण, हे गल्लीला कळायचं न्हाई. लॉग परक्याला दाखवत न्हाईत."

"मग वाचणार कोण?"

"तुम्ही."

"मी परकी न्हाई व्हय?"

"तुम्हाला इंग्रजी येत न्हाई."

म्हणजे माझ्या हुशारीवर नाही, अडाणीपणावर विश्वास होता माणसाचा. एवढ्या वर्षांत कुणी माझ्या अडाणीपणाला एवढा मान दिला नव्हता, म्हणून मी बसले.

गुरुवारी सकाळी घरातलं आवरून मी त्या खोलीत खुर्चीवर बसले. भावजी मागे बाजेवर उताणे. मला इंग्रजी आकडे येतात, मोबाइलनं शिकवले. ए-बी-सी-डी येते, एसटीच्या पाट्यांनी शिकवली. शब्द लागत नाहीत. भावजी एकेक अक्षर सांगायचे, मी बटन शोधायची. बटनांवरची अक्षरं कुठल्या शहाण्यानं मांडली आहेत कोण जाणे, ए नंतर बी नाही. एका ओळीला सकाळचे पोहे गार झाले. ती ओळ म्हणजे पेटीला विचारणं होतं की, या पोरीच्या पत्त्यासाठी कोण कोण दाराशी आलं ते तेवढं दाखव.

शेवटचं बटन दाबलं तशा ओळी आल्या.

"आल्यात भावजी. बऱ्याच हायत."

ते बाजेवर उठून बसायला लागले. "पडा," मी म्हटलं. "डोळा सांडंल."

"पहिली वाचा. तारीख सोडा. आकडे वाचा, मेल आणणाऱ्या मशिनीचा पत्ता हाय तो."

मी आकडे वाचले, मधल्या टिंबांसकट.

"पुढं?"

"पुढं इंग्रजी. मग चारशे पन्नास."

"चारशे पन्नास म्हंजे सुगी," भावजी म्हणाले. "पेटीनं त्याला थोड्या वेळानं या म्हणलंय. टोपलीत कसं सापडंल? आतच आला न्हाई ना. परत आलेला बगा, खालची ओळ."

खालची ओळ वाचली. पुन्हा चारशे पन्नास.

"परत आला तर घ्यायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "आकडे तेच हायत का?"

"न्हाई. शेवटचे वेगळे हायत."

"नीट बगा."

"भावजी, ऑपरेशन तुमच्या डोळ्याचं झालंय, माझ्या न्हाई."

तिसरी ओळ, आकडे आणखी वेगळे, चारशे पन्नास. चौथी तशीच. भावजींनी बोटांवर ओळी मोजल्या. मग म्हणाले, "आकड्याच्या अलीकडं नाव असंल, लांबलचक. त्याचं शेपूट वाचा. प्रत्येक ओळीतलं."

मी शेपटं वाचली, एकेक अक्षर. सगळी सारखी.

बाजेवरून आवाज आला, "अरे देवा. अहो वहिनी, तुमच्या टायमाला हेच झालतं की!"

झालं होतं खरं. मला मागणं घालायला या घरातून आधी माझे चुलत सासरे ठाणाकुशनूरला आले. माझ्या बापानं गूळपाणी दिलं आणि सांगितलं, सुगी झाल्यावर या. सुगी झाल्यावर चुलत सासऱ्यांचे गुडघे धरले, म्हणून यांच्या आत्याचा नवरा आला. बापाला वाटलं, हे नवीन स्थळ. नवीन स्थळाला पहिल्या खेपेला हो म्हणायचं नसतं. त्यांनाही सांगितलं, पुढच्या सुगीला या. पुढच्या सुगीला तिसराच कुणी भाचा आला. माझ्या आईनं शेवटी आतून विचारलं, "पाहुणं, तुम्ही कुणाच्या घरचं?" तेव्हा कळलं की दोन वर्षं एकच घर दारात उभं आहे.

दवाखान्याचंही तसंच. एवढे मेल दवाखाना स्वतः पाठवत नाही, टपाल वाहणाऱ्या एका कंपनीला देतो, हे भावजींनी मला तेव्हा सांगितलं. त्या कंपनीकडं पुष्कळ मशिनी. पहिल्या खेपेला एक मशीन आली, दुसऱ्या खेपेला दुसरी. आमची पेटी माणूस बघत होती, घर बघत नव्हती. प्रत्येकाला पहिली खेप समजून परत लावत होती. आणि हाक मारून मारून दार उघडलं नाही की वाहणारा कंटाळतो आणि मेल पाठवणाऱ्याला परत करतो.

"म्हंजे आता परत येणारच न्हाई?" मी विचारलं.

"शेवटची ओळ कवाची हाय?"

"बुधवार. रात्रीची."

"मग अजून कंटाळला नसंल," ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

पेटीजवळ एक यादी असते, ओळखीच्या घराण्यांची. त्या यादीतल्या घराण्यातला कुणीही आला तरी दार उघडायचं. त्यात ते शेपूट लिहायचं होतं. "एक अक्षर चुकलं तर पेटी सुरूच हुणार न्हाई," भावजी म्हणाले. "मग सगळ्यांचेच मेल बंद."

"कापडवाल्याचं टक्कल तसंच राहील."

"वहिनी, थट्टा नको आता."

मी लिहिलं. त्यांनी मला ते उलट वाचायला लावलं. मग सुलट वाचायला लावलं. मग म्हणाले, परत एकदा. मी म्हटलं, एवढी चौकशी तुमच्या बापानं माझी केली असती तर मी या घरात आलेच नसते. मग पेटी झोपवून उठवायची होती. तीही अक्षरं लिहिली आणि बटन दाबलं. पेटीतला पंखा थांबला. मग पंखा फिरला.

गुरुवारी संध्याकाळी काही आलं नाही. मी तासातासाला जाऊन ती ओळ विचारायची. आता अक्षरं पाठ झाली होती. भावजी बाजेवरून विचारायचे, "आला?" मी म्हणायची, "न्हाई." समोरचं दार बंद होतं. शुक्रवारी सकाळीही बंद. पोरगी कामाला गेली नव्हती, हे तिच्या चपलेवरून कळत होतं.

भावजींनी सकाळी थेंब घालून घेतले नाहीत. म्हणाले, "काय करायचाय डोळा?" मी डोकं धरून घातले.

शुक्रवारी दुपारी जेवायच्या वेळेला ओळ आली. शेपूट तेच, आकडे पाचवेच कुठले तरी. पुढचा आकडा मी नीट बघितला.

"भावजी, दोनशे पन्नास."

"काय?"

"दोनशे पन्नास लिवलंय. चारशे न्हाई."

"घेतला!" ते ओरडले. "आत घेतला!"

मी ओट्यावर जाऊन हाक मारायच्या आधीच समोरचं दार उघडलं. पोरीच्या हातात मोबाइल होता, डोळे सुजलेले होते. ती सरळ आमच्या खोलीत आली. माझ्या शेजारी बसून तिनं मोबाइलवरच उत्तर लिहिलं. मी येते, असं इंग्रजीत. पाठवलं.

भावजींना चैन कुठलं. "ते पोचलं का बगा. आता आपल्याकडनं बाहेर जाणारी ओळ बगा."

मी विचारलं पेटीला. ओळ आली. चारशे पन्नास.

पोरगी घाबरली. "ते काय असतंय?"

"त्यांची सुगी," मी म्हटलं. "त्यांच्या पेटीनं तुझ्या अज्जाला सांगितलंय, थोड्या वेळानं या. अनोळखी माणसाला त्यांच्याकडं बी दारात उभं करतेत."

भावजी चष्मा सावरत म्हणाले, "आपली पेटी परत जाईल. खऱ्याची हाय."

"दारात उभं राहणं कसं वाटतंय ते कळायलंय का आता?"

"वहिनी, शुक्रवार हाय," ते म्हणाले. त्यांना खरंच हसता येत नव्हतं.

आम्ही तिघं बसून राहिलो. मी चहा केला, कुणी प्यालं नाही, मीच तिघांचा प्याले. मशिदीतली दुपारची नमाज होऊन गेली. बाजारातून मिरचीचा ठसका येत होता. मग परत विचारलं, तेव्हा ओळ बदलली होती. दोनशे पन्नास. भावजी म्हणाले, "तिला दाखवा. तेवढी एक ओळ दाखवा, वरच्या-खालच्या झाका." मी पदरानं वरचा भाग झाकला, हातानं खालचा. पोरीनं ती ओळ वाचली. मग आधीच्याही तिच्या ओळी दाखवल्या, सोमवारपासूनच्या, अशाच झाकून. तिनं त्याही वाचल्या, सगळ्या. वाचता वाचता तिचं बोट शेपटावरून फिरत होतं.

"अज्जी, मी तुम्हाला बोलले."

"बोललीस."

"मला वाटलं—"

"मला बी ऐकू आलं काय वाटलं ते. आईला बी बोललीस का असंच?"

"हौ."

"काय म्हणली ती?"

"कायच न्हाई म्हणली. रडली बी न्हाई. तवापासनं माझ्याशी बोलंना."

"मग हितं कामून बसलीस? जा."

ती गेली. भावजी बाजेवर पडले आणि लगेच घोरायला लागले. पेटीची सुगी मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून परत पाच मिनिटांची केली. आता ती अक्षरं मला बोलता बोलता लिहिता येतात. भावजींना हे आवडलेलं नाही. डोळा बरा झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा लॉग बघितला आणि मी त्यांच्या मागं उभी राहिले तर म्हणाले, "तुम्हाला वाचता यायलंय का आता ह्यातलं?" मी म्हटलं, एक अक्षर न्हाई. तरी ते खुर्ची जरा तिरकी करून बसतात.

समोरची बाई आठवडाभर माझ्या ओट्यावर आली नाही. दारातून दिसायची, कधी शेंगदाणे भाजताना, कधी पोरीच्या कपड्यांच्या घड्या घालताना. पोरीची जायची तारीख ठरली होती, लातूरपर्यंत बाप सोडणार आणि तिथून पुण्याची गाडी. मी हाक मारली नाही. माझ्याच्यानं गोड बोलणं होत नाही, आणि तिला तेव्हा दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

मग एका दुपारी ती आली. ओट्याच्या कडेला बसली, पदरानं तोंड पुसलं. पेटीचं काही बोलली नाही, मार्कांचंही नाही.

"अक्का, तिथं तिला रातपाळी असंल का?"

"असंल."

"मग?"

"मग दिवसा झोपंल."

ती समोरच्या आपल्या घराकडं बघत राहिली. दारात पोरगी बॅगेची चेन ओढत होती, ती अडकली होती, आणि ती गुडघा लावून ओढत होती.

"दिवसा तिला झोप येत न्हाई अक्का. तान्ही व्हती तवापासनं येत न्हाई."

"दमली की यील," मी म्हटलं. "जा, तिला चेन लावू लाग. तोडंल ती."